चित्र दिसल्याशिवाय न हलणारी व्यवस्था

बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झाली. त्या हत्येची छायाचित्रे ३ मार्च २०२५ रोजी जनतेसमोर आली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. हत्या आणि छायाचित्रे यांत ८४ दिवसांचे अंतर होते. छायाचित्रे आणि राजीनामा यांत एका रात्रीचे. मधल्या काळात नागपूरचे हिवाळी अधिवेशन झाले, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशीची घोषणा केली, मोर्चे निघाले, सर्वपक्षीय शिष्टमंडळ राज्यपालांना भेटले. मंत्र्यांचा निकटवर्ती समजला जाणारा मुख्य आरोपी ३१ डिसेंबरला पुण्यात शरण आला. अमानुष मारहाणीचा तपशील शवविच्छेदनाच्या अहवालाने केव्हाच सांगितला होता. मुंडे यांना आरोपपत्रात आरोपी केलेले नव्हते, ही गोष्ट ३ मार्चच्या आधी जितकी खरी होती तितकीच नंतरही. म्हणजे नवे असे काही कळले नव्हते. जे माहीत होते ते फक्त दिसले होते. शब्दांनी जे तीन महिन्यांत साधले नाही ते चित्राने एका रात्रीत साधले, आणि या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे.

ती छायाचित्रे मराठवाड्यापुरती राहिली नाहीत. जेथे जेथे मराठी माणूस आहे तेथे ती पोहोचली. छत्तीसगडमधील भिलाईच्या जुनवानीसारख्या वस्तीचे उदाहरण घेण्याजोगे आहे. नागपूर ही १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी होती त्याच प्रांतात हा भाग मोडत असे. पुढे पोलाद कारखाना उभा राहिला आणि विदर्भातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. आज जुनवानी ओळखली जाते ती महाविद्यालये, रुग्णालय आणि नव्या गृहसंकुलांमुळे. येथील मराठी घरांना गावाकडची खबर कळते ती फोनवरच्या नातेवाइकांच्या गटातून. त्या गटात लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खून झालेल्या माणसाचे छायाचित्र एकाखाली एक येऊन पडतात. त्यावर कोणताही इशारा नसतो, वयाची अट नसते आणि ते कोणी व कशासाठी पाठविले याचा मागमूसही नसतो. उलट दिशेचा प्रवासही असाच आहे. बस्तरमध्ये काही घडले की त्याची दृश्ये भिलाई-रायपूरमार्गे पुण्या-मुंबईच्या फोनवर जाऊन थडकतात. मस्साजोग आणि बस्तर या दोन्ही बाजूंचे रक्त जेथे एकाच पडद्यावर दिसते, अशा या वस्तीतून पाहिले तर प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो.

पहिला मुद्दा असा की, सर्व हिंसक दृश्ये एकाच जातीची नसतात. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाडा जिल्ह्यातील निलवाया येथे निवडणूकपूर्व वार्तांकनासाठी गेलेल्या दूरदर्शनच्या पथकावर माओवाद्यांनी हल्ला केला. कॅमेरामन अच्युतानंद साहू आणि पोलीस कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या वेळी पथकातील एका सहकाऱ्याने जमिनीवर पडून राहून, गोळीबार चालू असताना, आपल्या आईसाठी फोनवर निरोप ध्वनिचित्रमुद्रित केला. देशभर दाखविल्या गेलेल्या त्या दृश्यात रक्ताचा थेंबही नव्हता. तरीही युद्धभूमीवरील वार्ताहराच्या जिवाची किंमत त्यातून जेवढी कळली तेवढी मृतदेहांच्या छायाचित्रांतून कळली नसती. महत्त्वाचे म्हणजे ते दृश्य त्या माणसाने स्वतः, स्वतःच्या इच्छेने, स्वतःविषयी टिपले होते.

मस्साजोगची छायाचित्रे नेमकी याच्या उलट जातीची आहेत. आरोपपत्रानुसार ती कोणा पत्रकाराने किंवा पंचनाम्यासाठी पोलिसांनी काढलेली नाहीत. मारहाण चालू असताना आरोपींनीच ती टिपली. असे चित्रण करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर न्यायालय नसते. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचे मित्र, त्याचे प्रतिस्पर्धी आणि उद्या विरोधात उभे राहू शकणारे गावकरी असतात. खंडणीच्या धंद्यात दहशत हेच भांडवल असते आणि चित्रफीत ही त्या भांडवलाची जाहिरात. तेच दृश्य वृत्तवाहिनीने पार्श्वसंगीत जोडून दिवसभर फिरवत ठेवले तर जाहिरातीचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न विचारावा लागतो. उद्देश चांगला असू शकतो, परिणामही काही अंशी चांगला झाला. पण जी दहशत टोळीला एका तालुक्यात पसरवायची होती ती राज्यभर पोहोचली, हेही त्याच परिणामाचे दुसरे अंग आहे.

छायाचित्रे दडपावीत असा याचा अर्थ नव्हे. तसे म्हणणाऱ्यांनी खैरलांजी आठवावी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी आरंभी तिची पुरेशी दखल घेतली नाही. पुढे कार्यकर्त्यांची सत्यशोधन पथके गावात गेली, मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली आणि महाराष्ट्रभर संतापाचा उद्रेक झाला. त्या छायाचित्रांनी मृतांचा मान राखला असे कोणी म्हणणार नाही. पण ती नसती तर प्रकरण तालुक्याच्या पातळीवरच मिटविले गेले असते, हेही नाकारता येणार नाही. अमेरिकेत १९५५ साली मिसिसिपी राज्यात चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. आपल्या मुलाचे काय केले ते जगाला दिसले पाहिजे, असा तिचा आग्रह होता आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. येथे भेद एकच आहे, पण तो निर्णायक आहे. तो निर्णय आईचा होता. मस्साजोगच्या वेळी कुटुंबाची संमती विचारण्याचे बंधन कोणावर होते? कायद्याने कोणावरच नव्हते.

या ठिकाणी कायद्याच्या व्यवस्थेकडे वळावे लागते, आणि तेथे एक विलक्षण विसंगती दिसते. खोट्या रक्तावर या देशात कडक पहारा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीने तर सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील मुलांसाठी स्वतंत्र वर्गवारी आणली. मराठी रंगभूमीला हा पहारा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विजय तेंडुलकर यांचे ‘गिधाडे’ श्रीराम लागू यांनी १९७० मध्ये रंगमंचावर आणले, तेव्हा लुगड्यावरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षकांनी हरकत घेतली होती. अखेर डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. रंगवलेल्या डागाचा रंग बदलायला लावणाऱ्या व्यवस्थेकडे खऱ्या माणसाच्या खऱ्या रक्तासाठी मात्र तसा एकही टप्पा नाही. चित्रपटातील खून पाहण्यासाठी वयाची अट आहे. खऱ्या खुनाची चित्रफीत सहावीतल्या मुलाच्या हातात विनाअट पडते.

खऱ्या हिंसेच्या दृश्यांबाबत नियम मुळीच नाहीत असे नाही. ते विखुरलेले आहेत. दूरचित्रवाणीला १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालील कार्यक्रम संहिता लागू आहे. वृत्तपत्रांसाठी १९७८ च्या कायद्याने अस्तित्वात असलेली प्रेस कौन्सिल आहे, पण समज देण्यापलीकडे तिच्या हाती फारसे काही नाही. डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आले. त्यांतील आचारसंहितेचे बंधन घालणाऱ्या तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केल्या आणि त्यामागील कारण गंभीर होते. अभिव्यक्तीवर सरकारी देखरेखीची टांगती तलवार नको, असे न्यायालयाला वाटले. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांसाठी एक सूचनापत्र काढले. मृतदेह, रक्तबंबाळ जखमी, मुलांना होणारी मारहाण यांची दृश्ये धूसर न करता दाखविली गेल्याची उदाहरणे त्यात तारखेनिशी दिली होती, आणि बहुतेक दृश्ये समाजमाध्यमांवरून उचलून संपादकीय विवेक न वापरता प्रसारित केली गेली, असे निरीक्षण नोंदविले होते. निरीक्षण अचूक होते. पण नळ सोडून भांड्याला दोष दिल्यासारखे ते होते. कारण दृश्यांचा उगम जेथे होतो तेथे सूचनापत्र पोहोचत नव्हते.

वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा धडा मुंबईने २००८ च्या नोव्हेंबरात घेतला होता. कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. सुरक्षा दलांच्या हालचाली पडद्यावर दिसत असल्यामुळे हल्लेखोरांच्या सूत्रधारांना मदत झाली, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाऐवजी नियुक्त अधिकाऱ्याच्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित करण्यात आले. न्यायालयाचा ताशेरा आणि नियमातील बदल यांत जवळजवळ अडीच वर्षे गेली, तरी बदल झाला आणि तो टिकला. यावरून एवढे सिद्ध होते की नेमका धोका नेमक्या शब्दांत मांडला तर नियम करता येतो. मृतांच्या सन्मानाबाबत तसे नेमके शब्द अद्याप कोणी लिहिलेले नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहापर्यंत नेला खरा. परंतु मृत माणसाच्या चित्राचे काय, हा प्रश्न त्या काळात कोणाच्या मनातही आला नव्हता.

तपासाच्या कागदांचे तर वेगळेच कोडे आहे. प्रथम माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, संवेदनशील गुन्हे वगळावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. आरोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे त्याच न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे आरोपपत्राची प्रत नागरिकाने रीतसर मागितली तर मिळणार नाही, पण त्यातील सर्वांत भीषण छायाचित्रे रात्रीतून कोट्यवधी फोनवर असतील. न्यायाला उपयोगी पडणारा मजकूर बंद कपाटात आणि मृताची विटंबना करणारे चित्र बाजारात, अशी ही वाटणी झाली आहे. प्रसारमाध्यमांना माहिती देण्याबाबत पोलिसांसाठी नियमावली तयार करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राला सांगितले होते. त्या नियमावलीचा खरा कस अशाच प्रकरणांत लागतो.

विजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकार यांच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने घडले. बस्तरच्या बातम्या देणाऱ्या या तरुणाने एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांनी पकडून नेलेल्या जवानाच्या सुटकेसाठी मध्यस्थी करणाऱ्यांना साथ दिली होती. ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांचा मृतदेह एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत सापडला. रस्त्याच्या निकृष्ट कामाच्या बातमीशी या हत्येचा संबंध तपासात जोडला गेला. पुढील काही दिवस देशभरच्या बातम्यांत त्यांच्या शरीरावरील जखमांची मोजदाद होती. कोणता अवयव कसा फाटला, किती हाडे मोडली. तो रस्ता कोणता, त्यावर किती खर्च झाला, देयके कोणी मंजूर केली, हे प्रश्न मागच्या पानांवर राहिले. ज्या बातमीसाठी माणूस मेला ती बातमी त्याच्या जखमांनी झाकली. भीषण तपशील सत्याला पुढे आणतोच असे नाही. पुष्कळदा तो सत्याच्या जागी जाऊन बसतो.

लोकप्रिय संस्कृतीने या सवयीला खतपाणी घातले आहे. खऱ्या गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर करणाऱ्या मालिका गेली वीस-बावीस वर्षे घरोघरी पाहिल्या जात आहेत. बातम्यांनी त्यांच्याकडून संगीत घेतले, लाल वर्तुळे घेतली, संथ गती घेतली. मालिकांनी बातम्यांकडून प्रसंग घेतले. आता खरे कोठे संपते आणि उभे केलेले कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. पिस्तूल मिरवणाऱ्या ‘भाईं’च्या छोट्या चित्रफिती बीडपासून दुर्गपर्यंत सारख्याच पाहिल्या जातात. पण संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आणि चुकीचे आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या अखेरीस, २०१६ मध्ये, मराठी प्रेक्षकांनी दुहेरी हत्येचा प्रसंग पाहिला, आणि त्यात हत्या दाखविलीच नाही. लहान मुलाची रक्ताळलेली पावले उमटत जातात आणि आवाज थांबतो. जातीच्या अभिमानातून होणाऱ्या हत्यांवर त्या वर्षी गावोगाव जी चर्चा झाली ती काहीच न दाखविणाऱ्या त्या दृश्याने घडविली. संयमाने परिणाम उणावतो, असे म्हणणाऱ्या वृत्तसंपादकांनी याचे उत्तर दिले पाहिजे.

तरीही सरकारच्या हाती सरसकट बंदीचा अधिकार देणे हा उपाय नव्हे. मणिपूरमधील महिलांच्या विटंबनेची घटना ४ मे २०२३ ची. १८ मे रोजी गुन्हा नोंदविला गेला होता. देशाचे राजकारण हलले ते १९ जुलैला चित्रफीत बाहेर आल्यावर. २० जुलैला, संसदेच्या पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, पंतप्रधान त्या विषयावर बोलले, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पुढे अविश्वास ठरावावर तीन दिवस चर्चा झाली. त्याच वेळी चित्रफीत काढून टाकण्याचे आदेशही समाजमाध्यमांना गेले. पीडितांच्या प्रतिष्ठेसाठी ते योग्यच होते. परंतु चित्रफीत बाहेर येण्यापूर्वी असा आदेश निघाला असता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक खासदाराने करावा. कोठडीतील मृत्यू, पोलिसांचा गोळीबार, चकमकी यांत आरोपी शासनच असते. ‘दृश्य भीषण आहे’ हे कारण शासनाच्या हाती बिनशर्त दिले तर पहिली गदा अशाच दृश्यांवर येईल.

मणिपूर आणि मस्साजोग यांचा समान धडा मात्र कायद्यापेक्षा खोल आहे. दोन्हीकडे कागद आधी होता, चित्र नंतर आले. गुन्ह्याची नोंद, वैद्यकीय अहवाल, साक्षी, विधिमंडळातील भाषणे या सर्वांनी मिळून जी जाग आली नाही ती चित्राने आली. याचा अर्थ असा की पीडिताच्या कुटुंबाला न्यायाची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा माणूस गमावून आणि दुसऱ्यांदा त्याची विटंबना सार्वजनिक होऊ देऊन. ज्यांच्याकडे चित्रफीत नाही त्यांनी काय करायचे? कॅमेरा नसलेल्या शिवारात मारल्या गेलेल्या माणसाचा खून कमी दर्जाचा ठरतो काय? चित्राने हलणारी व्यवस्था नकळत अशी प्रतवारी करून टाकते.

म्हणून उपायांची सुरुवात दिल्लीतील कार्यालयांपासून व्हायला हवी. तपासातील दृश्यपुरावा न्यायालयाच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही आणि गेल्यास तो कोणाच्या ताब्यातून गेला याची जबाबदारी निश्चित होईल, एवढा नियम करणे अवघड नाही. मृताच्या दृश्यांबाबत कुटुंबाला आधी कळविले जावे आणि त्यांचे म्हणणे नोंदविले जावे. दृश्य दाखविणे सार्वजनिक हिताचे असेल तर ते एकदा, इशाऱ्यासह, संदर्भासह दाखवावे. दिवसभर फिरवू नये. हे नियम मुद्रित, दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमांना एकसारखे असावेत आणि त्यांचा निवाडा सरकारी अधिकाऱ्याऐवजी स्वतंत्र मंडळाने करावा. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली आणि हल्लेखोराने त्याचे थेट प्रक्षेपण केले. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या. त्या देशाने चित्रफीत बाळगण्यावर बंदी घातली, पण हत्येविषयी बोलण्यावर नाही. मे महिन्यात पॅरिस येथे झालेल्या ‘ख्राइस्टचर्च आवाहना’त भारतही सामील झाला. त्या सहभागाचा देशांतर्गत अर्थ काय, हे संसदेत कोणी तरी विचारावयास हवे.

भिलाईला हे सांगण्याचा एक अधिकार आहे. १ जुलै १९९२ रोजी येथील पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हा कोणाच्याही खिशात कॅमेरा नव्हता. तरीही दरवर्षी त्या दिवशी कामगार एकत्र जमतात आणि त्यांचे स्मरण करतात. मृत्यूची चित्रफीत नसली म्हणून मृत्यू विसरला जात नाही. जुनवानीतल्या एखाद्या मराठी घरात फोन वाजेल आणि आणखी एखादे रक्ताळलेले दृश्य येईल, तेव्हा ते पुढे पाठवायचे की नाही हा निर्णय त्या घराचा. मात्र फाइलवरचा शब्द वाचून त्याच दिवशी सही करायची की चित्र येईपर्यंत थांबायचे, हा निर्णय मंत्रालयांत आणि सचिवालयांत बसलेल्यांचा आहे. ८४ दिवसांचा हिशेब त्यांच्याकडेच मागावा लागेल.